ग्रेट स्मोकीच्या रानओढ्यांतला ब्रूक ट्राउट

अमेरिकेतील टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी हा पर्वत पसरला आहे. अ‍ॅपलाचियन पर्वतरांगेच्या दक्षिण भागातला हा जुना, झिजलेला, पण अजूनही दाट रानाने झाकलेला डोंगर. कुवोही हे त्याचे सर्वांत उंच शिखर सुमारे २,०२५ मीटर उंच आहे. खालच्या खोऱ्यांत वर्षाला साधारण १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, माथ्यावर २,१०० मिलिमीटरच्याही पुढे. हा पाऊस चार महिन्यांत कोसळून थांबत नाही. तो वर्षभर विखरून पडतो. रानाखालची भुसभुशीत माती ते पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. म्हणून इथले डोंगरओढे बारमाही वाहतात आणि उंचावर तर ऐन उन्हाळ्यातही गार राहतात. अशा ओढ्यांच्या अगदी वरच्या टप्प्यात ब्रूक ट्राउट हा मासा राहतो. त्याला फ्लायच्या, म्हणजे किड्याची नक्कल बांधलेल्या, गळाने पकडणे हा मासेमारीतला एक नाजूक आणि अवघड प्रकार मानला जातो.

‘रानटी ट्राउट’ म्हणजे ओढ्यातच जन्मलेला आणि तिथेच वाढलेला मासा. मत्स्यबीज केंद्रात वाढवून पाण्यात सोडलेल्या माशापासून तो वेगळा असतो. मात्र रानटी आणि मूळचा या दोन गोष्टी एक नव्हेत. काश्मीरमध्ये १९००च्या सुमारास ब्रिटनमधून आणलेला ब्राउन ट्राउट आज तिथल्या नद्यांत आपोआप वाढतो. हिमाचलातील तीर्थन खोऱ्यातही तो तसाच रुळला आहे. निलगिरी आणि मुन्नारच्या थंड पाण्यात रेनबो ट्राउट आणला गेला. हे मासे तिथे रानटी झाले असले, तरी मूळचे तिथले नव्हेत. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत ट्राउट नाही, कारण चैत्र-वैशाखात एकतर ते आटतात किंवा त्यांचे पाणी या माशाला न सोसण्याइतके तापते. स्मोकीतला ब्रूक ट्राउट मात्र रानटीही आहे आणि तिथला मूळ रहिवासीही. या पर्वतातला मूळचा ट्राउट म्हणावा असा हा एकच मासा.

शास्त्रीय वर्गीकरणात तो खरा ट्राउट नसून ‘चार’ या गटातला मासा आहे. या गटातले त्याचे नातेवाईक थेट उत्तर ध्रुवालगतच्या पाण्यात सापडतात. हिमयुगात थंड पाण्याचा पट्टा दक्षिणेकडे सरकला, तेव्हा हा मासाही खाली पसरला. हवामान पुन्हा उबदार झाल्यावर दक्षिणेतल्या सखल नद्या त्याच्या कामाच्या राहिल्या नाहीत आणि तो डोंगरमाथ्याजवळच्या गार पाण्यात मागे उरला. दक्षिण अ‍ॅपलाचियनमधले ब्रूक ट्राउट उत्तरेकडच्या भाईबंदांपासून इतका काळ वेगळे राहिले आहेत, की त्यांची जनुकीय ठेवण वेगळी ओळखता येते.

हा मासा लहानच राहतो. वीतभर लांबीचा ब्रूक ट्राउट या ओढ्यांत मोठाच म्हणायचा. तीन वर्षांच्या पुढे जगणारे मासे थोडे. पाठ गडद हिरवट असते आणि तिच्यावर किडा सरपटत गेल्यासारख्या फिकट नागमोडी रेघा असतात. कुशीवर पिवळसर ठिपके, त्यांत मधूनमधून लाल ठिपके आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती निळे कडे. पोटाकडचे पर नारिंगी; त्यांची पुढची कड पांढरीशुभ्र आणि तिला लागून काळी रेघ. शरद ऋतूत विणीच्या काळात नराचे पोट शेंदरी होते. वरून पाहिले तर मात्र हे रंग कुठेच दिसत नाहीत. गोट्यांच्या तळावर त्याची हिरवट पाठ इतकी मिसळून जाते, की अनुभवी माणसालाही मासा नव्हे, त्याची सावलीच आधी दिसते. डोंगरातले जुने रहिवासी त्याला ‘स्पेक’ म्हणतात.

इथला ट्राउट लहान का राहतो, याचे उत्तर खडकात आहे. स्मोकीचा बराचसा भाग वालुकाश्मापासून रूपांतरित झालेल्या कठीण खडकाचा आहे. त्यातून पाण्यात चुना आणि इतर क्षार फारच थोडे उतरतात. पाणी काचेसारखे स्वच्छ, पण पोषणाच्या दृष्टीने गरीब. त्यात शेवाळ आणि पाणवनस्पती बेताच्याच वाढतात. वर रानाचे छत असल्याने ऊनही जेमतेम पोचते. मग या ओढ्यात अन्न येते कुठून? मुख्यतः झाडांवरून. शरदात गळलेली पाने पाण्यात पडून कुजू लागतात. त्यांवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. काही जातींच्या किड्यांच्या अळ्या ती पाने कुरतडून खातात. त्यांचा चुरा पुढे वाहत जातो आणि इतर अळ्या तो गाळून घेतात. या अळ्यांवर मासा जगतो. उन्हाळ्यात फांद्यांवरून पडणाऱ्या मुंग्या, भुंगे आणि सुरवंट यांची त्यात भर पडते. म्हणजे ब्रूक ट्राउट राहतो पाण्यात, पण पोसला जातो रानावर. या माशाच्या गळाची सगळी रीत आणि त्याचा सगळा इतिहासही या एका गोष्टीवरून उलगडतो.

पाण्यातल्या किड्यांचे तीन गट महत्त्वाचे आहेत: मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय. तिन्हींचे बालपण पाण्याखाली दगडांच्या आडोशाने जाते आणि ते अनेकदा वर्षभर चालते. कॅडिसच्या कित्येक जातींची अळी वाळूचे कण किंवा काडीकचरा आपल्याच रेशमाने चिकटवून अंगाभोवती नळी बांधते. ओढ्यातला एखादा ओला दगड उचलून उलटा केला, तर या नळ्या त्याला चिकटलेल्या दिसतात आणि शेजारी चपट्या अंगाच्या मेफ्लायच्या अळ्या भराभर कडेला सरकताना दिसतात. दगड पाहून झाल्यावर होता तसाच परत ठेवावा लागतो. का, ते पुढे येईलच. वाढ पुरी झाली की मेफ्लायची अळी पाण्याच्या पृष्ठभागावर येते, कात टाकते आणि पंख उभे धरून काही क्षण तरंगत राहते. पंखी मेफ्लायचे आयुष्य काही तासांचे, फार तर काही दिवसांचे. तेवढ्या वेळात जोडी जमवून अंडी घालायची असतात. स्मोकीत वसंताच्या सुरुवातीला, पाणी साधारण १० अंश सेल्सिअसपर्यंत आले, की मेफ्लायच्या पहिल्या मोठ्या जाती बाहेर पडू लागतात आणि हिवाळाभर सुस्तावलेला ट्राउट वर तोंड करून खायला लागतो.

फ्लाय म्हणजे या किड्यांची गळावर बांधलेली नक्कल. बारीक गळाभोवती धागा, पिसे आणि केस गुंडाळून ती तयार करतात. कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस गळाभोवती गुंडाळले की त्याचे तंतू चहूबाजूंनी उभे राहतात आणि फ्लाय पाण्यावर तरंगते. हरणाचे किंवा एल्कचे केस आतून पोकळ असतात आणि त्यांत हवा असते, म्हणून तरंगणाऱ्या फ्लायसाठी तेही वापरतात. पाण्याखाली बुडवायच्या फ्लायला तारेचे वेढे किंवा धातूचा मणी जोडतात. मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी १९२२ साली बांधलेली ‘अ‍ॅडम्स’ ही करड्या रंगाची फ्लाय आज जगभर वापरली जाते. कोणत्याही एका किड्याची ती हुबेहूब प्रत नाही. अनेकांसारखी थोडी थोडी दिसते, आणि तेच तिचे बळ. स्मोकीची स्वतःची फ्लाय म्हणजे ‘यॅलरहॅमर’. फ्लिकर नावाच्या सुतारपक्ष्याची पिवळी पिसे गळाभोवती गुंडाळून डोंगरातले लोक ती बांधत. स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणारा कायदा १९१८ साली झाला, त्यामुळे त्या पक्ष्याची पिसे वापरता येत नाहीत. आता दुसऱ्या पक्ष्यांची पिसे पिवळी रंगवून तीच फ्लाय बांधली जाते.

गरीब ओढ्यातल्या माशाला निवड करणे परवडत नाही. चुनखडीच्या प्रदेशातील संपन्न नद्यांत ट्राउट एकाच जातीच्या किड्यावर अडून बसतो आणि थोडी वेगळी फ्लाय सरळ नाकारतो. स्मोकीतल्या वरच्या ओढ्यांत तसे क्वचितच घडते. खाण्याजोगी दिसणारी वस्तू अंगावरून वाहत गेली, तर ती तोंडात घेऊन पाहायची, एवढाच निर्णय माशाला निमिषार्धात घ्यायचा असतो. म्हणून इथे फ्लायचा नेमका रंग किंवा जात यांपेक्षा ती कशी वाहते आणि ती टाकणारा माशाला दिसला की नाही, यालाच खरे महत्त्व. नवख्या माणसाचा सगळा जीव फ्लायच्या डबीत अडकलेला असतो, आणि चूक बहुधा तिथे नसतेच.

साध्या गळात आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोरीला ओढून नेते. फ्लाय जवळजवळ बिनवजनाची असते. ती फेकताच येत नाही. म्हणून फ्लायच्या गळात वजन दोरीतच असते. जाड, लेप दिलेली दोरी काठीच्या लवचीकतेने मागे-पुढे झोकली जाते आणि तिच्या टोकाची फ्लाय सोबत जाते. दोरी आणि फ्लाय यांच्यामध्ये निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा बांधतात. त्याचे शेवटचे टोक सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचे असते. लहान रानओढ्यासाठी सात-साडेसात फूट लांबीची हलकी काठी पुरते.

मोकळ्या नदीवर दोरी मागे उलगडायला जागा मिळते. स्मोकीच्या ओढ्यावर र्‍होडोडेंड्रॉनची झुडपे दोन्ही काठांवरून एकमेकांत गुंतलेली असतात आणि मागे झोकलेली फ्लाय पहिल्याच खेपेला फांदीत अडकते. त्यामुळे इथल्या लोकांनी जागेला साजेशा रीती जवळ केल्या. एक रीत दोरी मागे न नेता पाण्यावरूनच पुढे लोळवण्याची. दुसरी काठी आडवी धरून फांद्यांच्या खालून फ्लाय सारण्याची. तिसरी धनुष्याची: फ्लायचा गळ वाकणाशी दोन बोटांत अलगद धरायचा, दोरी ताणून काठीला बाक आणायचा, टोक नेमक्या जागेकडे रोखायचे आणि बोटे सोडायची. फ्लाय झाडोऱ्यातल्या वीतभर फटीतून निघून जाते. गळाचे टोक बोटाकडे वळलेले असेल तर ती बोटातही घुसते, म्हणून पकड नीट बघून मगच सोडावी लागते.

पाण्याची वाचणी याहून मोलाची. प्रवाहात सतत पोहत राहायला शक्ती लागते आणि अन्न तर प्रवाहातूनच येते. त्यामुळे मासा अशी जागा धरतो, की अंग संथ पाण्यात राहील आणि तोंडासमोरून वेगवान पाणी जाईल. मोठ्या धोंड्याच्या पुढे आणि मागे असे थोपलेले पाणी असते. दोन वेगांच्या पाण्यांची शीव ही दुसरी जागा. छोट्या धबधब्याखालच्या डोहात धार पडते तिथून फेसाची रेघ निघते. पाण्यावर तरंगणारे किडे त्याच रेघेने वाहतात आणि मासा तिच्याखाली किंवा शेजारी उभा असतो. डोहाची शेपटी, म्हणजे पाणी उथळ होत पुढच्या खळाळाकडे जाते तो भाग, पुष्कळजण तुडवत ओलांडतात. तिथेच उभा असलेला एखादा मासा घाबरून वर पळतो आणि बाकीच्यांना सावध करतो.

मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. म्हणून माणसाने ओढ्याच्या खालून वर चढत जायचे, म्हणजे तो माशाच्या पाठीमागून येतो. पाण्याखालून वर पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला बाहेरचे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. या खिडकीचा शंकू सुमारे ९७ अंशांचा असतो. तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा तळच दाखवतो. क्षितिजालगतच्या वस्तू या खिडकीच्या कडेला चेपून अंधूक होतात. माणूस जितका खाली वाकलेला, तितका तो माशाला कमी दिसतो. गुडघ्यावर बसून फ्लाय टाकणे याचसाठी. माशाच्या कुशीवरची पार्श्वरेषा पाण्यातली कंपने टिपते, त्यामुळे पायाखालचा गोटा दुसऱ्यावर आदळला तरी त्याची खबर डोहात पोचते. डोह एकदा बिथरला की बराच वेळ तिथे काही हाती लागत नाही. तो सोडून वरच्या डोहाकडे सरकावे हे उत्तम.

फ्लाय पडली की तिने पाण्याच्या वेगानेच वाहिले पाहिजे. इथे खरी अडचण येते. माणूस आणि फ्लाय यांच्या मध्ये तीन-चार वेगवेगळ्या वेगांचे प्रवाह असतात. दोरी त्यांवर टेकली की वेगवान पट्टा तिला पुढे ओढतो, दोरीला फुगा येतो आणि फ्लाय पाण्यावरून फरफटत जाऊ लागते. खरा किडा असा कधीच जात नाही, आणि ट्राउट हे ओळखतो. उपाय साधा आहे: जवळ जायचे आणि काठी उंच धरायची, म्हणजे दोरी हवेत राहते आणि फक्त बारीक धाग्याचे टोक पाण्याला लागते. अशी बिनओढीची वाहणी हातभर झाली तरी पुरते. मासा वर येतो, फ्लाय घेतो आणि खोटी आहे हे कळताच थुंकून टाकतो. या सगळ्याला सेकंदही लागत नाही. तेवढ्यात काठीचे टोक हलकेच वर उचलून दोरी ताणायची. जोराने झटका दिला, तर एवढासा मासा पाण्यातून उडून मागच्या झुडपात जाऊन पडतो.

पकडलेला मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच थर त्याला बुरशी व रोगांपासून वाचवत असतो. गळाचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाकला, तर गळ क्षणात सुटतो आणि माशाला पाण्याबाहेर काढावेही लागत नाही. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल तर गळ टाकूच नये. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंज देऊन दमलेला मासा सोडल्यावरही मरतो.

या माशाला मोठा फटका गळाने बसला नाही, तो कुऱ्हाडीने बसला. १९०१ साली स्थापन झालेली लिटल रिव्हर लंबर कंपनी आणि तिच्यासारख्या इतर लाकूड कंपन्यांनी पुढच्या तीन-चार दशकांत या पर्वतातले बहुतेक जुने रान तोडले. ओढ्यांच्या कडेने रेल्वे टाकली, ओंडके घसरत खाली आणले. छत गेल्याने पाणी तापले. उघडी पडलेली माती वाहून गोट्यांच्या फटींत बसली. ब्रूक ट्राउटची मादी शरदात आडवी होऊन शेपटीच्या फटकाऱ्यांनी खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर खडी लोटते. हिवाळाभर त्या खडीतून खेळते पाणी वाहिले तरच अंडी जगतात. गाळाने ती वाट बंद केली. खालच्या ओढ्यांतून मासा नाहीसा झाला. तेव्हा रिकाम्या पाण्यात पश्चिम अमेरिकेतला रेनबो ट्राउट सोडला गेला. ब्राउन ट्राउटही पुढे या ओढ्यांत शिरला. १९३४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, रान पुन्हा वाढू लागले, पण ब्रूक ट्राउट खाली परतू शकला नाही, कारण त्याच्या जागी आता रेनबो होता, अंगाने थोराड आणि वाढीला जलद. मूळच्या क्षेत्रापैकी सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र ब्रूक ट्राउटने गमावले होते.

उद्यानाने १९७५ साली ओढ्यांत मासे सोडणे बंद केले आणि १९७६ साली ब्रूक ट्राउट पकडण्यावर बंदी घातली. पुढे काही ओढ्यांत मुद्दाम मासेमारी खुली करून पाहणी झाली. गळाने पकडल्यामुळे माशांच्या संख्येत म्हणण्याजोगा फरक पडत नाही. पूर आणि अवर्षण यांनीच ती वर-खाली होते, असे दिसले. २००६ साली बंदी उठली. दरम्यान मूळच्या माशाला जागा परत मिळवून देण्याचे काम सुरू झाले होते. त्यासाठी असा ओढा निवडतात, ज्याच्या खालच्या टोकाला मासा चढू शकणार नाही असा धबधबा आहे. लहान ओढ्यात पाण्यात सौम्य विजेचा प्रवाह सोडून मासे गुंगवतात, रेनबो वेचून धबधब्याखाली नेऊन सोडतात. मोठ्या ओढ्यात ते पुरत नाही. तिथे माशांना मारक असे अँटिमायसिन हे औषध मोजून घालतात, धबधब्याशी दुसऱ्या रसायनाने त्याचा परिणाम संपवतात आणि मग शेजारच्या ओढ्यांतले ब्रूक ट्राउट आणून सोडतात. लिन कॅम्प प्राँग हा ओढा असाच मोकळा करून पुन्हा ब्रूक ट्राउटच्या हवाली केला गेला. रानटी माशासाठी दुसरे मासे मारणे अनेकांना रुचत नाही, आणि ती भावना समजण्यासारखी आहे. पण रेनबोला जगात इतरत्र उदंड पाणी आहे. दक्षिण अ‍ॅपलाचियनच्या या ब्रूक ट्राउटला एवढे डोंगरमाथे सोडून दुसरीकडे जागा नाही. म्हणून हे काम योग्यच आहे.

दोन संकटे अजून सरलेली नाहीत. कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघालेल्या गंधकाच्या धुरामुळे स्मोकीच्या माथ्यांवर दीर्घकाळ आम्लयुक्त पाऊस पडला. खडकात चुना नसल्याने ते आम्ल मारले जात नाही आणि मुसळधार पावसानंतर ओढ्याचे पाणी काही काळ माशाला घातक ठरू शकते. १९९०च्या सुधारित कायद्यानंतर धूर पुष्कळ घटला, पण मातीत साठलेले गंधक सावकाश निघते आहे. दुसरे संकट हेमलॉक वृक्षावरचे. सॉक्रेटिसच्या विषाचे हेमलॉक वेगळे. हा सूचिपर्णी वृक्ष ओढ्याकाठी वाढून बारमाही गर्द सावली धरतो. आशियातून आलेली, पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेली एक सूक्ष्म कीड त्याचा रस शोषते. ती २००२ साली उद्यानात आढळली आणि तिने फार मोठ्या संख्येने झाडे वाळवली. मुळांशी औषध देऊन आणि या किडीला खाणारे भुंगे सोडून उरलेली झाडे जपण्याचा प्रयत्न चालू आहे.

ग्रेट स्मोकीत वर्षभर मासे पकडता येतात. टेनेसी किंवा नॉर्थ कॅरोलायना यांपैकी कोणत्याही एका राज्याचा परवाना पूर्ण उद्यानात चालतो. जिवंत आमिषाला बंदी आहे. एकच गळ असलेली कृत्रिम फ्लाय किंवा तत्सम आमिषच वापरता येते. सात इंचांहून लहान ट्राउट ठेवता येत नाही आणि दिवसाला पाचांहून अधिक मासे बाळगता येत नाहीत. ओढ्यातले दगड जागेवरून हलवून दुसरीकडे ठेवण्यास मनाई आहे, कारण त्यांच्याच खाली किड्यांच्या अळ्या, लहान मासे आणि हेलबेंडर हा दोन फुटांपर्यंत वाढणारा सॅलमँडर राहतो. तिथे जाणाऱ्याने, मग तो गळ घेऊन जावो की मुलांना घेऊन पाण्यात खेळायला, गोटे रचून बंधारे किंवा मनोरे करू नयेत, आणि दुसऱ्या नदीत वापरलेले बूट धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय या पाण्यात घालू नयेत.